साडेनऊच्या रिळातली आई

छत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. अंगात आलेल्या बायांच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारून मी त्यांना जागेवर आणलंय. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणणाऱ्या पोरांना त्याच चिंचेखाली बसवून तेवीसचा पाढा म्हणायला लावलाय. तेव्हा "मावशी, तुम्हाला भास झाला असेल" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत, त्यांनी जरा दम धरावा. आधी पूर्ण वाचा, मग काय ती अक्कल पाजळा.

जागा सांगते. तापीचा काठ, सारंगखेड्यापासून अडीच कोसांवरचं गाव. आता नंदुरबार जिल्हा, तेव्हा धुळे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण भावकी अजून तिथेच आहे. साल पासष्ट-सहासष्ट. मी तेव्हा नंदुरबारला मास्तरकीचं ट्रेनिंग करत होते, वय वीस.

आबा म्हणजे माझे मोठे काका, वडिलांचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. पन्नास-एक्कावन्न साली सुरतेचा एक पारशी डॉक्टर विलायतेला कायमचा निघाला होता. त्याच्याकडून आबांनी सिनेमा काढायचा छोटा कॅमेरा आणि हाताने फिरवायचा प्रोजेक्टर उचलून आणला. फिल्म साडेनऊ मिलिमीटरची. आता हे नीट लक्षात घ्या. बाकीच्या फिल्मला भोकं कडेला असतात. साडेनऊला ती मधोमध, दोन चित्रांच्या मध्ये एक. त्यामुळे ती दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालत नाही. मशीनचा दात कडेला भोक शोधतो आणि तिथे भोकच नसतं.

त्या कॅमेऱ्यावर आबांनी अकरा रिळं काढली. काय काढलं? बैल. नवी विहीर. परत बैल. केळीचा बाग. मामलेदार साहेब आमच्या ओट्यावर चहा पिताना. आणि परत बैल!

माझी आई मी पाच वर्षांची असताना हिवतापाने गेली. तिचा एकही फोटो नाही. बैलांचा अख्खा सिनेमा, आणि घरच्या सुनेचा एक फोटो काढायची कुणाला बुद्धी झाली नाही. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि ते मळ्यात राहायला गेले. मी आबांकडेच वाढले. मला आईचा हात आठवतो, तिच्या लुगड्याचा वास आठवतो. चेहरा नाही आठवत. खूप प्रयत्न केला... नाही आठवत.

केळीच्या रिळात मात्र ती होती. डोक्यावर भाकरीची पाटी घेतलेल्या चार बाया बांधावरून येतात, त्यात तिसरी माझी आई. मी तिचं बोट धरून चाललेय म्हणून ओळखायचं. कॅमेरा दिसताच ती पदर हनुवटीपर्यंत ओढते आणि तशीच निघून जाते. कारण कॅमेरा धरणारा कोण? जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ! तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक 'लाज काढणे' म्हणजे चारचौघांत फजिती करणे असं समजता. आमच्याकडे गुजरातची हद्द जवळ, शब्दही तिकडचेच. आमच्याकडे सून लाज काढते म्हणजे सासऱ्या-जेठासमोर तोंडावर पदर घेते. आईने सात वर्षं आबांना दोन वेळा ताट वाढलं आणि सात वर्षं लाज काढली.

दिवाळीला आबा कोठीच्या खोलीत मोटारीच्या बॅटरीवर दिवा लावून सिनेमा दाखवायचे. ते रीळ लागलं की मोठी माय, म्हणजे आबांची बायको, मला कोपराने ढोसायची, "देख, तुन्ही माय." मी बघायचे तर काय, एक पदर चाललाय. मी ओरडायचे, "आबा, थांबाडा ना!" आबा हँडल फिरवतच राहायचे. चित्र थांबवलं की दिव्याने जळतं, असं म्हणायचे. बैल आले की मात्र हळूहळू फिरवायचे!

आता वसंतभाऊकडे येते. आबांचा थोरला मुलगा, बडोद्याला शिकलेला. त्याने नवा आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणला, विजेवर चालणारा प्रोजेक्टर आणला. गावात नुकतीच वीज आली होती, त्यामुळे साहेब फारच जोरात. त्या साली दिवाळीच्या सुटीत मी घरी आले. दुसऱ्या दिवशी मळ्याकडे गेले तर ज्वारी कणसावर आलेली, आणि शेतभर काठ्या रोवून त्यांना काळ्या चकचकीत पट्ट्या बांधलेल्या. वाऱ्याने फडफडतायत. पाखरं हाकलायला.

जवळ जाऊन एक पट्टी हातात धरली. मधोमध भोकं.

मी तशीच धावत घरी आले. वसंतभाऊ ओट्यावर पान लावत बसला होता.

"भाऊ, ती फिल्लम कसाले फाडी?"

"मग काय करतू? मशीन भंगारवालाले दी टाकं. आते आठनी फिल्लम चालस, साडेनऊले कोन्ही इचारत नही. तिन्हं सामान बी भेटत नही."

"त्यामा मन्ही माय व्हती!"

"कोठे वं? नुसता पदर व्हता." आणि वर हसून म्हणतो, "रडू नको. तुले नवी काढी देसू, रंगीत!"

रंगीत! कुणाची काढणार होतास रे? माझी आई कुठून आणणार होतास? मी त्याचं पानाचं तबक उचलून अंगणात भिरकावलं. मोठी माय म्हणाली, शिकलेल्या पोरी अशाच उर्मट होतात. आबा समोरच बाजेवर होते. ते तेव्हा पासष्टीचे होते. मला शिकवलं त्यांनीच, भावकीचा विरोध पत्करून शिकवलं, हेही इथे लिहायला हवं. पण त्या दिवशी ते गप्प बसले, याचा राग अजून गेलेला नाही.

नऊ रिळं शेतात गेली होती, उन्हाने आणि दवाने त्यांचा चुथडा झाला होता. ट्रंकेच्या तळाशी दोन डबे राहिले होते. एकात बैल. दुसऱ्यात केळीचा बाग. तो डबा मी माझ्या पेटीत घातला आणि कुलूप लावलं.

डबा मिळाला, पण मशीन कुठून आणू? नंदुरबारला फोटो स्टुडिओत विचारलं, शहाद्याला विचारलं, सुरतेला एका मैत्रिणीच्या मामांना पत्र टाकलं. सगळीकडून एकच उत्तर, साडेनऊ बंद झालं.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्ताची यात्रा भरते. यात्रेच्या सुटीत मी परत घरी आले होते, तेव्हा यात्रेला जाणारा एक तंबूवाला सिनेमा आमच्या गावात दोन दिवस मुक्कामाला थांबला. त्यांचा ऑपरेटर रहीमभाई, पन्नाशीचा, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. त्याच्याकडे सोळा मिलिमीटरचं मशीन होतं. मी डबा घेऊन गेले. त्याने फिल्म उजेडात धरली आणि मान हलवली.

"बेटी, छेद बीच में है. दाँत किसको पकडेगा?"

"हाताने ओढा," मी म्हटलं. "जेवढं दिसेल तेवढं दिसेल."

मी हटत नाही म्हटल्यावर तो बिचारा दुपारी तीन वाजता मशीन घेऊन आमच्या घरी आला. वसंतभाऊ यात्रेला गेला होता, मोठी माय शेजारच्या घरी. कोठीच्या खोलीला खिडकी नाही, दार लोटलं की अंधार. समोर चुना दिलेली भिंत. आबा बाजेवर बसले होते. बोलावलं नव्हतं, आपणहून आले. मी भिंतीजवळ उभी. खोलीत आम्ही तिघंच.

रहीमभाईने दिवा लावला आणि फिल्म हाताने ओढायला सुरुवात केली. भिंतीवर नुसत्या रेघा. मग केळीची पानं, वर वर सरकणारी, तुटक तुटक. बाया कधी आल्या, कधी गेल्या काही कळेना. तो मागून पुटपुटत होता, "नहीं होगा बेटी, नहीं होगा." मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

आणि चित्र स्थिर झालं.

स्थिर म्हणजे थांबलं नाही, चालू लागलं. व्यवस्थित, थेटरात चालतं तसं. बांध दिसला. पहिली बाई गेली. दुसरी गेली. तिसरी आली, तोंडावर पदर, बोटाला मी. रिळातली मी बोट सोडून पुढे पळाले. हे रिळात कधीच नव्हतं! दर दिवाळीला पाहिलेलं रीळ आहे ते, मला पाठ आहे. मी पुढे गेले आणि आई थांबली. एका हाताने तिने डोक्यावरची पाटी सावरली, दुसऱ्या हाताने पदर हनुवटीपासून उचलला आणि मागे सारला.

मी आईचा चेहरा पाहिला.

कपाळावर गोंदणाचा ठिपका. नाक जरा बसकं. वरच्या ओठावर घाम. वय किती असेल, पंचविशीसुद्धा नसेल, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी पोर. आणि ती रागावलेली होती. अशा गोष्टींत आई हसते, आशीर्वाद देते, असं तुम्ही लिहिता ना? माझी आई हसली नाही. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. ती कॅमेरा धरणाऱ्याकडे बघत होती, सरळ, पापणी न लववता. तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढाच वेळ. मग भिंत पांढरी झाली आणि फिल्मचं टोक मशीनवर फटफट वाजू लागलं.

मी वळले. रहीमभाई मशीनवर वाकलेला, दोन्ही हात हवेत. त्याने भिंतीकडे पाहिलंच नव्हतं, तो मशीनकडेच बघत होता. "मैंने तो हाथ छोड दिया था," तो म्हणाला. "अपने आप चली. दाँत खाली, कुछ पकडा ही नहीं, फिर भी चली." मशीन गुंडाळून तो गेला तो चहालासुद्धा थांबला नाही.

मी ती फिल्म घेऊन अंगणात आले, पांढरी चादर अंथरली आणि भिंग लावून एकेक चित्र पाहिलं. ऊन उतरेपर्यंत पाहिलं. सगळ्या चित्रांत पदर. आई कुठे थांबत नाही, मी कुठे बोट सोडत नाही. एकही भोक फाटलेलं नाही. हा झाला सगळा प्रकार.

मागे एका ठिकाणी हे थोडक्यात लिहिलं होतं, तर काय काय अकलेचे तारे तोडले लोकांनी! म्हणे भरलेल्या चक्रीच्या वजनाने फिल्म ओढली गेली असेल. बरं, मग पदर कशाच्या वजनाने मागे गेला? म्हणे दुसरी फिल्म मिसळली असेल. अहो, कुठली दुसरी? ती शेतात पाखरं हाकलत होती! म्हणे इच्छेपोटी मनाने चेहरा तयार केला. मनाला चेहरा तयार करता येत असता तर लहानपणीच केला असता, पंधरा वर्षं वाट कशाला बघितली असती?

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने ते रीळ बडोद्याला देऊन कॉम्प्युटरवर उतरवून आणलं. पेन ड्राइव्हमध्ये आहे, टीव्हीला लावता येतं. मी पाहिलं. पदरच आहे. वसंतभाऊची आठ मिलिमीटरची रिळंही तिने विचारली, तर त्यांचं मशीन घरात कुणाकडेच नाही. त्याच्या घरच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, तिचंही तेच. वसंतभाऊ आता म्हातारा झालाय, मला फोन करून विचारतो, "ताई, तुन्ही पोर मन्ही बी करी दी का?" देईल ना. पेरावं तसं उगवतं म्हणतात, पण मी तिला सांगितलंय, दे करून. त्याच्या रिळांत त्याची बायको आहे, तीही आता नाही. तिने काय वाईट केलंय कुणाचं?

कारण मला माहीत नाही. साठ वर्षं झाली, माहीत नाही. कुणी शास्त्रज्ञ सांगणार असेल तर ऐकेन, पण आधी त्याने साडेनऊची फिल्म सोळाच्या मशीनवर चालवून दाखवावी.

आणि भास म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. त्या दिवशी दिवेलागणीला मी आबांकडे गेले. ते अजून त्याच खोलीत बाजेवर बसले होते.

"आबा, तुम्हीन देखं ना तिन्हं तोंड?"

"नही बेटा."

"तुम्ही समोरच बठेल व्हतात!"

"तिनी पदरले हात लावा, आनि मी खाले देखं." ते जमिनीकडे बघतच बोलत होते. "धाकला भाऊनी बायको शे. मी तिन्हं तोंड कसं देखू?"

म्हणजे पदर मागे गेला होता. मी एकटीने नाही पाहिलं ते. मी जायला निघाले तर त्यांनी हाक मारली. म्हाताऱ्याचा आवाज इतका बारीक मी आधी कधी ऐकला नव्हता.

"बेटा... कशी व्हती वं ती दिखाले?"

मी सांगितलं नाही. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले, दर दिवाळीला एकदा तरी विचारायचे, आणि मी दरवेळी उठून आत जायचे. तुम्ही म्हणाल, सांगायचं होतं म्हाताऱ्याला, काय गेलं असतं तुमचं? का सांगायचं? तिने स्वतःच्या हाताने पदर मागे सारला होता, त्यांच्याचसमोर. तेव्हा मान वर करून बघायचं होतं.