विकलेला हिस्सा

म्हैसूरला विजयनगर भागात जाणाऱ्या बसमध्ये ती रोज खिडकीपाशी बसायची आणि पदराचं टोक उगाचच सरळ करत राहायची. नाव मी कधी विचारलं नाही. देशात रोजगार वाढावा म्हणून सरकारी पैसा कारखान्यांत गुंतवणाऱ्या निधीत ती अधिकारी होती, एवढं ऐकून होतो.

एकदा सूतगिरणीत काम करणारी एक बाई तिच्या शेजारी बसली. तिच्या हातावर म्हैसूरपाक ठेवत म्हणाली, "तगोळ्ळी, घ्या मॅडम, खावा. बंद पडलेली आमची गिरणी तुमच्या पैशानं उठली."

मॅडमचा चेहरा उतरला. "आम्ही आमचा हिस्सा विकलाय," ती हळूच म्हणाली.

"का ओ? आता तर गिरणी बरी चाललीय!"

"म्हणूनच. चांगला भाव आला की विकायचं आणि तो पैसा दुसऱ्या कारखान्यात घालायचा, हेच आमचं काम. पण घेणारा गिरणी चालवणार का, हे मी विचारलंच नाही. त्याला नुसती गिरणीची जमीन हवी होती."

मग ती अधिकारी उठली. बसमध्ये जागा रिकाम्या होत्या, तरी शेवटच्या थांब्यापर्यंत ती दांडा धरून, मान खाली घालून उभीच राहिली. मलाही तिच्याकडे बघवेना.