हाडातली भवानी

तारोडीची ती मासेवाली रक्त चढवून घ्यायला नेहमी माझ्या शेजारच्या खुर्चीत असायची. आजार दोघींचा एकच: हाडांतल्या मज्जेत पेशी तयार होतात, पण रक्तात यायच्या आधीच आपणहून मरतात. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे माल हाय, पन बाजारात येत न्हाय."

सुईवरूनही ती सिस्टरशी घासाघीस करायची. "दोनदा न्हाय, एकदाच टोच."

नव्या इंजेक्शनांनंतर काल तिचं हिमोग्लोबिन पहिल्यांदाच रक्त न चढवता वाढलं. सकाळच्या पहिल्या विक्रीची नोट लावावी तसा तिनं रिपोर्ट कपाळाला लावला आणि साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाली, "भवानी झाली."

माझी पिशवी अजून ठिबकत होती. तोच कागद तिनं माझ्याही कपाळाला टेकवला.