माझ्या पत्रिकेतला लालसर लघुग्रह

मंडळी, आज सकाळी डोंबिवलीहून फोन आला. मला बघून गेलेल्या मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, "बाकी सगळं छान आहे हो. पण गुरुजी म्हणाले, मुलीच्या पत्रिकेत एक काळपट, लालसर लघुग्रह आहे. मंगळासारखाच त्रास देतो म्हणे."

आई रडवेली झाली. मला मात्र डाऊट आला.

कारण "काळपट, लालसर" हे माझे शब्द. गेल्या रविवारी पोहे खाताना मुलाच्या आईने, म्हणजे या काकूंनी, छंद विचारलेला. मी हौसेने एका लघुग्रहाबद्दल बोललेले. मंगळाच्याही पलीकडे फिरतो, काळपट, लालसर आहे, चांगल्या दुर्बिणीशिवाय दिसत नाही. "लाल?" एवढंच काकूंनी विचारलेलं.

तोच दगड गुरुजींना घरबसल्या दिसला, आणि तोही माझ्याच शब्दांत.

त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट सांगितलेली. लग्नानंतर कोलशेतची नोकरी सोडणार नाही. त्यावर काकूंनी काहीच विचारलं नव्हतं.

आई आता लघुग्रहाची शांत कुठे करतात ते शोधतेय. नोकरीची शांत कुठे करतात, कोणाला माहितेय का?