वंदनाचा काळा चिखल

वंदना गेल्याचा फोन तिच्या भावाने केला तेव्हा मी महाड स्टँडवर पोलादपूरच्या एसटीची वाट बघत होते. तिलाच भेटायला निघाले होते... गाडी आली, मी चढलेही. उमरठला तिच्या घरी पोचेपर्यंत मला नुसती भीती वाटत होती. दुःख नंतर आलं.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो, ती रसायनशास्त्र, मी इतिहास. सुट्टीत ती सावित्री नदीच्या खाडीवर जायची. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात पाइप खुपसून नमुना काढायची. वरचा पापुद्रा तपकिरी, खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. “आपल्या डोंगरातला पाला, खारफुटीची पानं, मेलेले किडे, सगळं इथं येऊन बसतं,” ती सांगायची. “वर हवा असते, तिथं लवकर कुजतं. खाली हवा पोचत नाही. तिथले जंतू हवेवाचून जगतात, सावकाश खातात. काही तर वर्षानुवर्षं तसंच उरतं.”

एकदा हौसेने तिच्याबरोबर गेले आणि मांडीपर्यंत रुतले. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल जाई. तेवढ्यात पाणी फिरलं. भरती लागली होती. मी वेड्यासारखी पाय ओढू लागले. वंदना चिखलावर पालथी पडली, पाइपाचं टोक माझ्या हातात दिलं. “मागे रेल. पाय ओढू नकोस, नुसता हलवत राहा.” आणि मग ती त्या चिखलाबद्दलच बोलत राहिली, वर्गात शिकवावं तशी, न थांबता. पाणी कानाला लागलं तेव्हा कुठे पाय सुटले. दोघी सरपटत काठावर आलो. हिला भीती कशी वाटत नाही, याचं मला पुढे कितीतरी दिवस नवल वाटायचं.

मग तिला कॅन्सर झाला. शेवटच्या भेटीत तिने माझं मनगट घट्ट धरलं. “रेखा, खाडीवर त्या दिवशी मी भीतीने बोलत होते. गप्प झाले असते तर तुला टाकून पळाले असते.” मनगट न सोडता म्हणाली, “आता काय बोलावं तेच सुचत नाही.”

दोघी तशाच बसून राहिलो, घाबरलेल्या.

परवा पुन्हा उमरठला गेले. तिच्या खोलीच्या खिडकीत एक काचेची बरणी होती, तळाला काळा चिखल, वर पाणी. बघता बघता चिखलातून एक बुडबुडा सुटून वर आला. मी दचकून मागे सरले.

“येतो गो अधनंमधनं,” तिची आई म्हणाली. “आत अजून कुजतंय म्हनायची. फेकू नको, सांगून गेलीय.”

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पण म्हातारीने खिडकीशी दुसरं स्टूल ओढलं. मी बसले. पुढचा बुडबुडा येईपर्यंत आम्ही दोघी बरणीकडे बघत राहिलो.