कपड्यांचा रंग सांगा

रात्रबाजाराच्या मोठ्या फाटकाशी, घड्याळाच्या खांबाला खेटून एक पत्र्याची खोली आहे. आत टेबल, माइक, दोन खुर्च्या आणि पाण्याचा जार. बाहेर पाटी: 'हरवले-सापडले'. मावशी इथे सव्वीस वर्षं बसते आहे. तोंडावर तिला सगळे मावशी म्हणतात, पाठीमागे भोंगेमावशी. तिला दोन्ही ठाऊक आहेत.

माणूस शोधायची तिची पद्धत सरळ होती. नाव मागाहून, आधी कपड्यांचा रंग. गर्दीत नाव दिसत नाही, शर्ट दिसतो. आणि नेमकी इथेच भल्याभल्यांची दातखीळ बसायची. पोर हरवलेले बाप डोकं खाजवत म्हणायचे, निळा असेल बहुतेक. मग मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. घरून निघताना पोराकडे डोळे उघडून बघितलंत तरी का, असं ती चारचौघांत विचारायची. लोक मान खाली घालायचे. तिला त्यात थोडी मजाही वाटायची, खोटं कशाला बोला.

तिचा नवरा बाजारातला पेंटर. अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. बायकोच्या घोषणा ऐकून तो वैतागायचा. लाल म्हणजे काय, डाळिंबी, विटकरी की शेंदरी, नीट सांगत जा, म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी पाटी रंगवताना तो अर्ध्यावर अक्षरंच विसरला. पुढे घरचा रस्ता विसरला, मग स्वतःचं नावही. त्याला एकटं घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून मावशी रोज कामावर बरोबर आणायची आणि दुसऱ्या खुर्चीत बसवायची. जेवण, गोळ्या, दाढी, सगळं वेळच्या वेळी. तिच्याकडे बोट दाखवायला कुणाला जागाच नव्हती.

त्या शनिवारी नुकतेच दिवे लागले होते. एका आजीबाईंच्या हरवलेल्या पिशवीची घोषणा करून मावशी वळली, तर खुर्ची रिकामी.

मागच्या फाटकाबाहेर भरधाव गाड्यांचा रस्ता होता. पहारेकऱ्याला तिकडे पिटाळून मावशीने माइकचं बटण दाबलं. नावाने हाक मारून उपयोग नव्हता.

"एक वयस्कर गृहस्थ हरवले आहेत. उंच, पांढरे केस. अंगात..."

अंगात काय? शर्ट तिनेच चढवला होता, बटणं तिनेच लावली होती. पण बटणं लावताना तिचं लक्ष शेगडीवरच्या दुधाकडे होतं. रंग काही केल्या आठवेना. बाजारभर भोंग्यांतून नुसती खरखर ऐकू येत राहिली. ज्यांना ज्यांना तिने झापलं होतं ते सगळे बाप तिला आठवले आणि तिला स्वतःची लाज वाटली. कुणाला दिसले तर हात धरून घड्याळाखाली आणा, एवढंच बोलून तिने बटण सोडलं.

तासाभराने बाजारातला एक चष्मेवाला त्याला घेऊन आला. मागच्या गल्लीत एका जुन्या पाटीखाली वर बघत उभे होते, म्हणाला. मावशीचा जीव भांड्यात पडला. ती दाराकडे निघाली, पण नवरा आत आलाच नाही. गिऱ्हाइकासारखा खिडकीशी उभा राहिला.

"बाई, माझी बायको हरवली आहे," तो म्हणाला. "तुम्ही जरा पुकारता का?"

जन्मभर तो तिला 'अगं' म्हणत आला होता. चष्मेवाला काही समजावायला गेला, त्याला तिने हातानेच थांबवलं. आणि सवयीने तिच्या तोंडून निघालं, "कपड्यांचा रंग सांगा."

"मोरपंखी ओढणी," तो क्षणभरही न अडखळता म्हणाला. "निळ्याकडे झुकणारा नव्हे, हिरव्याकडे झुकणारा मोरपंखी. एका टोकाला पांढरा ठिपका आहे, माझ्याच ब्रशचा. मी शिडीवर होतो, ती खालून चालली होती. रागावली आहे. पण येईल."

त्या ओढणीचं केव्हाच फडकं झालं होतं. मावशीने त्याच फडक्याने ओटा पुसला, फरशी पुसली आणि चिंध्या झाल्यावर फेकून दिलं. ठिपका तिला आता आठवला.

तिने नवऱ्याकडे नीट बघितलं. मग माइक ओढला.

"मोरपंखी ओढणी घेतलेली एक मुलगी हरवली आहे. ओढणीच्या टोकाला पांढरा ठिपका आहे. तिने असेल तिथून घड्याळाखाली यावं. राखाडी शर्टातले एक गृहस्थ तिची वाट बघताहेत. शर्टाची कॉलर विरलेली आहे. तिसरं बटण चौथ्या काजात लागलं आहे."

"आभारी आहे, बाई," तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाठ करून गर्दीकडे बघत उभा राहिला.