सावडीला पाठवलेला माणूस

औंधच्या बाजूला डोंगराच्या उतारावर माझं सात एकर रान आहे. घेतलं तेव्हा त्यावर दगड आणि कुसळं याशिवाय काही नव्हतं. मलकापुरात माझी लाकडाची वखार. आधी दुसऱ्याच्या वखारीत ओंडके उचलले, मग स्वतःची टाकली. जन्मभर झाडं कापून विकली आणि आता हा माणूस झाडं वाढवायला जागा घेतो, याचं शेजारच्या वस्तीला फार हसू आलं होतं. हसू दे म्हटलं. जागेच्या सौद्यात मी दोनदा उठून पायात चपला घातल्या होत्या आणि दोन्ही वेळा मालकानंच मागे बोलावलं होतं. लोक काय म्हणतात यावर मी कधी काही विकत घेतलं नाही.

मी तिथं एकही झाड लावलं नाही. फक्त चराई बंद केली. गुरं आत सोडणाऱ्यांशी भांडलो, दोघांशी कायमचं बोलणं तुटलं. पण आठ वर्षांत खैर, हिवर, पळस, बोरी आपोआप वर आल्या. ओघळीच्या कडेला पाखरांनी चंदनाच्या बिया टाकल्या, त्यांची रोपं माझ्या कमरेला लागली.

दसरा झाला की मी दर शनिवारी मोटरसायकल काढून तिकडे जायचो. ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजायचं, पण सकाळी लवकर गेलं तर गवतावर कोळ्यांची जाळी दवानं भरलेली असायची. साळिंदरानं रात्री उकरलेल्या खळग्याशेजारी त्याचा एखादा काटा सापडायचा. बाभळीवर सुगरणींची रिकामी घरटी हलायची. आणि लावऱ्या. पावसाळा सरला की गवतात त्यांची अंडी असतात. पायाखालून अचानक फर्रर्र करून उडाल्या की माझ्यासारख्या माणसाच्याही काळजात धस्स व्हायचं. कोणती जोडी कुठल्या दगडाच्या आडोशाला आहे हे मला ठाऊक असायचं. वखारीतल्या फळ्यांचा हिशेब चुकेल, हा चुकायचा नाही.

पण तेच गवत दिवाळीनंतर वाळून कोळ होतं, आणि मग वणव्याची भीती. डोंगर जाळला की नवं गवत जोमदार येतं, अशी तिकडची समजूत. कोण पेटवतं ते कुणीच सांगत नाही. नव्वद सालानंतर तीन-चार वर्षांनी असाच एक वणवा माझ्या रानात उतरला. तेव्हा शेजारच्या वस्तीवरचे पाच जण न बोलावता निरगुडीचे फाटे घेऊन धावत आले आणि त्यांनी झोडपून झोडपून आग विझवली. निम्मं रान गेलं, निम्मं राहिलं.

त्या पाचांत एक मिलिटरीतून निवृत्त झालेले हवालदार होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मिशा पांढऱ्या. तोंडावरची राख पुसत ते म्हणाले, "शेठ, कडंनं पट्टा काढल्याबिगर ह्ये रान टिकत न्हाई. बारा हात रुंद. आमच्या सावडीत या, आमी काढू."

सावड म्हणजे तुमच्या कामाला आम्ही, आमच्या कामाला तुम्ही. मजुरी नाही, दुपारी भाकरी एकत्र. मी बरं म्हटलं. दसऱ्यानंतर ते पाचही आले, एका सकाळी चहूबाजूंनी गवत मुळापासून कापून मोकळा पट्टा काढून दिला, आणि त्या वर्षी रानाला आगीची धग लागली नाही.

माघात हवालदारांची ज्वारी काढायची होती. निरोप आला. नेमका त्याच दिवशी माझ्या वखारीत लाकडाचा ट्रक यायचा होता. ट्रकपाशी मी नसलो तर माप कमी भरतं, हे मला वीस वर्षांचा अनुभव सांगतो. म्हणून मी वखारीतला माझा सगळ्यांत धडधाकट माणूस पाठवला. दिवसाची मजुरी दिली, वर एसटीचं भाडं दिलं. तो माणूस माझ्या दुप्पट काम करतो. मी गेलो असतो तर चार पेंढ्या बांधून कंबर धरून बसलो असतो. मला अजूनही वाटतं की मी त्यांना चांगला मालच दिला होता.

त्यांनी त्या माणसाला पोटभर जेवू घातलं. मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो.

पुढच्या दसऱ्याला मी पट्ट्यासाठी निरोप धाडला. "येतो," असा पाचही घरांतून उलटा निरोप आला. ठरलेल्या सकाळी मी बांधावर चहाची किटली घेऊन उभा. पाच माणसं आली. पाचही अनोळखी.

"हवालदार कुठायत?" मी विचारलं.

"त्येंनीच पाठवलंय," पुढचा म्हणाला. "रोजावर."

पाच घरांनी पाच रोजंदार पाठवले होते, मजुरी आपल्या खिशातून देऊन. त्यातला एक तर कुपवाडच्या कारखान्यात लेथ चालवणारा. सासुरवाडीला सुट्टीवर आला होता, सासऱ्यानं हातात विळा दिला. विळा कसा धरायचा हे तो बाकीच्यांकडे बघून शिकत होता.

मी रागानं लाल झालो, पण परत पाठवलं असतं तर पट्टा राहिला असता. म्हणून काम सुरू केलं. आणि कामाची जी काही तऱ्हा झाली ती आठवून आजही माझी कानशिलं तापतात. त्यांनी दोरी सरळ लावली आणि दोरीत जे आलं ते कापलं. ओघळीशी पट्ट्याला वळण द्यायचं असतं, हे वस्तीवरच्या माणसांना सांगावं लागत नसे. मी वरच्या अंगाला होतो तेवढ्यात यांनी चंदनाची सात रोपं गवताबरोबर आडवी केली. दगडाच्या ढिगाशी लावरीचं घरटं होतं. तिथं पोहोचलो तर लेथवाला उभा, पायाखाली फुटलेली अंडी.

"दिसलीच न्हाईत हो," तो म्हणाला. "मातीच्याच रंगाची हायती."

त्याच्यावर काय ओरडणार? तो खरंच सांगत होता.

चार वाजता पाचांनीही विळे खांद्याला लावले. वरच्या अंगाला, नेमकं डोंगराच्या बाजूला, चाळीस पावलं पट्टा राहिला होता. आग येते ती तिथूनच. मी म्हटलं, दुप्पट देतो, पुरं करा. पुढचा म्हणाला, "तुमचं आमचं कायच ठरल्यालं न्हाई, शेठ. आमचा रोज ठरलाय चारपातूर." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदारांच्या रानात जाऊन उभा राहिलो. भुईमुगाची काढणी चालली होती, सावडीतले बाकीचे चौघे तिथंच वेल उपटत होते. मी तोंड सोडलं. आदल्या दिवशीपासून साठवलेलं सगळं बाहेर आलं. रोपं, अंडी, चाळीस पावलं, मिलिटरीत हीच शिस्त शिकवतात का, सगळं. कुणीही हात थांबवला नाही.

माझा दम संपल्यावर हवालदार म्हणाले, "मानसं आली व्हती का न्हाई?"

"आली होती."

"पाच?"

"पाच."

"मग झालं की. आमची ज्वारी बी अशीच काढल्याली तुमी."

चौघांतला एक वेलावरची माती झटकत म्हणाला, "तुमचा मानूस तरी चांगला व्हता. आमाला तसला घावला न्हाई बगा." बाकीचे हसले.

मी सौदा करणारा माणूस. अडलो की हात आपोआप तिकडेच जातो. म्हटलं, "ठीक आहे. आज दिवसभर मी भुईमूग उपटतो. उद्या तुम्ही पाचही जण येऊन माझी चाळीस पावलं काढा. कबूल?"

"सावडीत सौदा न्हाई, शेठ," हवालदार म्हणाले. "उपटायचा आसंल तर उपटा. न्हायतर वाट मोकळी हाय."

मी चपलांकडे पाहिलं. पण इथं मला मागे बोलावणारं कुणी नव्हतं. चपला काढून बांधावर ठेवल्या आणि शेवटच्या ओळीत बसलो. दिवसभर वेल उपटले. नखं फुटली, पाठ मोडली. दुपारी हवालदारांच्या घरच्यांनी भाकरी आणि ओल्या शेंगांची आमटी वाढली. जेवताना सगळे पावसापाण्याचं बोलत होते. उद्याचं कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही, रागारागानं भाकरी मोडत राहिलो.

त्या दिवशी मलकापूरला गेलो नाही, वस्तीवरच्या देवळाच्या ओवरीत पथारी टाकली. सकाळी उजाडताच एकटाच विळा घेऊन वरच्या अंगाला गेलो आणि कापायला लागलो. दहा पावलं झाली असतील. मागं गवतात खसखस ऐकू आली. हवालदार दुसऱ्या टोकाला बसून कापत होते. एकटेच. बाकीचे चौघे आले नव्हते.

आम्ही दोन्ही टोकांनी कापत राहिलो. ऊन चढलं तसं दोघांमधलं अंतर कमी होत गेलं. तीन-चार पावलं उरली असताना हवालदारांचा विळा थांबला. त्यांनी हात आडवा धरला. त्यांच्या पुढ्यातून एक लावरी चालत निघाली आणि तिच्यामागं पिलं, बोराएवढी, सहा की सात. ती धावत होती की घरंगळत होती, कळेना. एका झुडपाखालच्या गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली.

हवालदारांनी ते झुडूप सोडून बाजूनं पट्टा वळवला. मी दुसऱ्या अंगानं वळवला. मध्ये गवताचं एक बेट राहिलं.

"ह्ये पंदरा दिसांनी कापा," ते म्हणाले. "पिलं उडून गेली की. आन् मानूस पाठवू नगा."

पंधरा दिवसांनी मी गेलो आणि ते बेट कापलं. त्या दिवशीही वखारीत ट्रक होता. माप कमी भरलं.

फाल्गुनात डोंगर पेटला. भर दुपारी आग खाली सरकत आली, मी आणि हवालदार फाटे घेऊन उभे होतो. वरच्या अंगाला पट्ट्यापाशी येऊन ती घुटमळली, कडेकडेनं फिरली आणि विझली. रानातल्या एका खैराचं पानही करपलं नाही.

तेव्हापासून माघात सावडीतल्या पाचही घरांच्या ज्वारीला मी स्वतः जातो. ते पाचही माझ्या पट्ट्याला स्वतः येतात. ओघळीशी वळण देतात, सांगावं लागत नाही. पण त्या सात चंदनांचे खुंट मला दर वेळी दिसतात, आणि दुपारी भाकरीला बसताना त्या चौघांकडे मी पाठ करून बसतो. हवालदार मध्ये बसून दोन्हीकडे चटणी सरकवतात.