पेवात ठेवलेली पेटी

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार होतील, आणि अक्षर तर कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे. त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणाला दाखवायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतो आहे. आमच्या नातवंडांना आजोबा म्हणजे मानवतच्या जिनिंगमध्ये कापूस तोलणारे, एवढंच ठाऊक आहे. ते पेटी वाजवत असं सांगितलं तर मुलांना भजनातली पेटी वाटते.

ती तशी नव्हती. लहानपणी ते पेडगावहून एका नाटक कंपनीबरोबर निघून गेले आणि तिथल्या पेटीमास्तरांचे कपडे धुता धुता शिकले. आमचं लग्न झालं तेव्हा परभणी, नांदेड, कधी हैदराबादपर्यंत गवयांच्या साथीला जात. साथ म्हणजे गवयाच्या मागे मागे जायचं. त्याने घेतलेली जागा पेटीवर दाखवायची, तो दम घ्यायला थांबला की मधली पोकळी भरायची. वाहवा गवयाला.

एकदा जेवताना ते म्हणाले, "जन्म दुसऱ्याच्या सावलीत चाललाय. एक बैठक माझी एकट्याची व्हावी. नुसती पेटी."

सासूबाई भाकरी वाढत म्हणाल्या, "गाण्याबिगर पेटी म्हंजे नवरदेवाबिगर वरात. कोन येतंय बघायला?"

ते हसले, पण मनातून ते गेलं नाही. एकट्याने वाजवायला पेटीही तशी लागते. आमची जुनी घोगरी झाली होती. माझा भाऊ मानवतला एका आडतीवर मुनीम होता. त्याने शेटकडून स्वतःच्या नावावर उचल घेऊन निजामाचे हाली रुपये यांच्या हातात ठेवले.

"दाजी, शेट मला वळखतो, तुमाला न्हाई. बुडाले तर माझी गादी गेली म्हनून समजा."

"बुडत न्हाईत. बिदागीतून फेडतो."

जुनी मोडीत देऊन नवी पेटी आली. पहाटे ते वाजवायला बसत आणि मी चुलीपाशी ऐकत असे. कधी विचारत, "कसं वाटलं?" मला लाज वाटायची. मी तव्याकडे बघत म्हणायची, "बरं."

हैदराबादच्या एका वकीलसाहेबांनी यांचा हात ऐकला आणि आपल्या घरी बैठक ठरवली. गवई नाही, एकटे हेच. हे मला म्हणाले, "चिकाच्या पडद्याआड बायकांची सोय हाय. तूबी चल." मी यांना कधी चार माणसांत वाजवताना पाहिलं नव्हतं. लुगडं धुऊन ठेवलं.

पण ते निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष होतं. लुटालूट, जाळपोळ रोज ऐकू यायची. बैठक पुढे ढकलली. उन्हाळ्यात गाव रिकामं होऊ लागलं, तेव्हा आम्हीही हद्दीपलीकडे माझ्या मावशीकडे जायचं ठरवलं. गाडीत माणसंच मावेनात, आणि वाटेत झडती होई. पेटी कुठे ठेवायची?

सासूबाईंनी अंगणातलं पेव दाखवलं. "जिमिनीतली जवारी चार चार वर्सं ऱ्हाती. ह्या लाकडाला काय धाड भरलीय?"

आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. पेटी घोंगडीत गुंडाळून ज्वारीवर ठेवली, वर कडबा पसरला आणि तोंड चिखलाने लिंपलं. शेवटचा हात यांनीच फिरवला.

पावसाळा गेला, पोलीस ॲक्शन झाली, आम्ही परतलो. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत उतरता येत नाही. तोवर हे काठावर बसून होते. मग धाकटे दीर उतरले आणि खालूनच म्हणाले, "दादा, जवारी गरम लागायलीय."

पाणी झिरपून वरचं धान्य आंबलं होतं. पेटी वर आली. भात्याचं कातडं हातात निघालं. पट्टी दाबली की दबलेलीच राहायची. आतले पितळी सूर हिरवे पडले होते. यांनी भाता दोनदा ओढला. नुसता आंबट वास आला.

परभणीच्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "मास्तर, हिचं खोकं तेवढं राहिलंय. सूर नवे घालण्यापरीस नवीच घ्या."

ज्याची पेटी त्यालाच बोलावणं येतं. गवयांनी दुसरे साथीदार धरले. वकीलसाहेब देश सोडून गेल्याचं कळलं.

भाऊ आला तेव्हा त्याला बोलणं जड जात होतं. "दाजी, शेट रोज इचारायलाय. मी काय सांगू?"

"माझ्यासाठी काम बघ," हे म्हणाले.

असं आम्ही मानवतला आलो. निम्मा पगार भावाकडे जायचा. सुरुवातीला जेवताना यांची बोटं ताटाच्या कडेवर चालायची. मी बघते असं दिसलं की हात मांडीवर घेत. पुढे तेही थांबलं. देवळातले लोक भजनाला बोलवायचे, तर म्हणत, "बोटं जड झाली."

कितीतरी वर्षांनी एका बाजारच्या दिवशी आम्ही दोघं भावाकडे गेलो. यांनी रुमाल सोडून पैसे समोर ठेवले. भावाने मोजले, पुन्हा मोजले.

"फिटलं, दाजी. एक पैसा न्हाई ऱ्हायला. आता सोडा ते जिनिंग."

"सोडून काय करू?" ते म्हणाले.

वहिनीने चहा आणला. ते उभ्यानेच प्याले. पाळीची वेळ होत आली होती. कापसाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोच रुमाल तोंडाला बांधला आणि ते जिनिंगकडे गेले.